लग्नाच्या पानावर ‘अक्षता’ अखेर बसली

आजी-आजोबांच्या लग्नाचं पान, म्हणजे फोटोंच्या वहीतलं शब्दकोडं, ज्या एका शब्दापायी रखडलं होतं, तो शब्द कोड्याच्या जाळ्यात बसला. दहा शब्द, ११ रांगा, ८ रकाने, भरायची घरं २७, आणि एकही शब्द सुटा नाही. मुख्य म्हणजे ‘अक्षता’ टाकून द्यावी लागली नाही. लग्नाच्या पानावर अक्षता नसेल तर त्या पानाला अर्थ नाही, हे माझं मत कायम आहे.

अडचण काय होती ते आधी. लग्नाचे बरेच शब्द कोड्यासाठी फार सोयीचे आहेत, कारण त्यांत ‘व’ आणि ‘र’ बिनमात्रेचे, मोकळे येतात: रुखवत, मांडव, वरमाई, करवली, वऱ्हाड. मोकळं अक्षर असलं की आडवा आणि उभा शब्द सहज एकमेकांना छेदतो. ‘अक्षता’त तसं काही नाही. ‘अ’ शब्दाच्या सुरुवातीलाच येणार. मोकळा ‘क्ष’ म्हटला तर साक्ष, पक्ष, दक्ष असे शब्द हाती लागतात, आणि त्यांचा लग्नाशी बादरायण संबंधच जोडावा लागतो. उरला ‘ता’. ‘तांदूळ’ चालत नाही, कारण ‘तां’ आणि ‘ता’ ही दोन वेगळी अक्षरं. ‘ताट’, ‘ताशा’ दोन घरांचे, आणि तीन घरांपेक्षा लहान शब्द घ्यायचा नाही हा नियम मी मोडत नाही.

वाट सापडली ती लग्नाच्या शब्दांबाहेर, नागपूरच्या एका भागाच्या नावात. ‘सीताबर्डी’ची फोड सी-ता-ब-र्डी. ‘ता’वर अक्षता उभी राहते आणि मोकळा ‘ब’ पुढच्या शब्दाला हात देतो. त्या ‘ब’वरून खाली ‘बनारसी’, म्हणजे फोटोतला शालू. बनारसीतल्या ‘र’वर आडवा ‘अंतरपाट’ आणि त्याच्या ‘अं’वरून खाली ‘अंगठी’. वरच्या बाजूला अक्षतेच्या ‘अ’वरून आडवी ‘अबोली’, तिच्या ‘ली’वर येऊन संपणारी उभी ‘करवली’, करवलीच्या ‘र’वर आडवी ‘वरमाई’, तिच्या ‘ई’वर संपणारा उभा ‘जावई’ आणि जावयाच्या ‘व’वरून आडवं ‘वऱ्हाड’. छेद नऊ. अबोली आणि अंतरपाट यांची पहिली घरं उभ्या शब्दांचीही पहिलीच, म्हणून दहा शब्दांना आकडे आठच लागतात.

कागदावर करून पाहायचं असेल तर सीताबर्डी सातव्या रांगेत पहिल्या चार रकान्यांत लिहा, बाकीचे शब्द आपोआप जागेवर येतात. बनारसीच्या ‘र’वर करवली किंवा वरमाई का नाही घेतली, असं कुणी विचारेल. त्या आडव्या बसतात, पण तिथून पुढे वाट बंद होते. करवलीच्या ‘व’वरून खाली वऱ्हाड काढलं की त्याचा ‘ऱ्हा’ बनारसीच्या ‘सी’ला चिकटतो आणि ‘सीऱ्हा’ असं निरर्थक काहीतरी तयार होतं. शेजारी आलेली दोन घरं शब्द बनवत नसतील, तर त्यांच्यामध्ये मोकळं घर हवंच. अंतरपाटाची सुरुवात डावीकडे पहिल्या रकान्यात जाते, म्हणून तो सुटतो.

आता अक्षरांच्या फोडीबद्दल, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. इंग्रजीसाठी केलेले कोडं बनवणारे ऑनलाइन प्रोग्राम मात्रा वेगळ्या घरात टाकतात आणि पानावर ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन एकटी वेलांटी उभी राहते. अक्षता आपल्याला तीन घरांची, पण स्प्रेडशीटमधल्या लेन (LEN) या लांबी मोजणाऱ्या सूत्राला ती ६ दिसते. सीताबर्डी ९ दिसते. नवी साधनं मात्रा जोडून ठेवतात, तरी जोडाक्षर तोडणारी अजून पुष्कळ आहेत. संगणकावरच्या अक्षरांचं मानक ठरवणाऱ्या युनिकोडने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आणला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. त्यामुळे मी कुठल्याच प्रोग्रामवर फोड सोपवत नाही. शब्द टाइप करतानाच ‘अ-क्ष-ता’ असा लिहायचा, मग स्प्रेडशीटमधलं स्प्लिट (SPLIT) हे सूत्र वापरून प्रत्येक अक्षर वेगळ्या रकान्यात न्यायचं आणि काउंटइफने (COUNTIF) कोणतं अक्षर किती शब्दांत आहे ते मोजायचं. ज्या शब्दाची सगळी अक्षरं अख्ख्या यादीत एकेकदाच येतात तो आधी मांडायचा, सोपे शब्द शेवटी.

‘वऱ्हाड’मध्ये आणखी एक खोच आहे. तो ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, पण लेन एकाला ६ सांगते आणि दुसऱ्याला ७, आणि शोधात एक दिला तर दुसरा सापडत नाही. यादी दोघांनी मिळून टाइप केली असेल तर हे आधी तपासा.

ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करून छेद घ्यावा, असं सुचवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पान पुढे नातवंडं सोडवणार आहेत, त्यात चुकीचं लेखन कायमचं चिकटवून ठेवू नये. शिवाय नियमातच वाट असते. राखीच्या पानासाठी ‘वहिनी’ आणि ‘बहीण’ छेदत नाहीत, कारण एकीत ‘हि’ आणि दुसरीत ‘ही’. पण अनेकवचन ‘बहिणी’ केलं की ‘हि’ ऱ्हस्व होतो आणि छेद बसतो. मूल-मुले, फूल-फुले यांनाही हेच लागू.

घराचा आकार १.२ सेंटिमीटर ठेवा. एक सेंटिमीटरमध्ये ‘र्डी’चा रफार आणि वेलांटी हाताने लिहिताना वरच्या रेघेला भिडतात. संपूर्ण जाळं ९.६ बाय १३.२ सेंटिमीटर होतं. काळी घरं छापायची नाहीत, फक्त २७ घरांच्या चौकटी.

आणि हे मोजतानाच एक गोष्ट लक्षात आली. उजवीकडचे तीन रकाने चौथ्या रांगेपासून खालपर्यंत रिकामे आहेत, म्हणजे ३.६ बाय ९.६ सेंटिमीटर जागा. पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ चा असतो. आजी वर, आजोबा खाली, दोन्ही फोटो जाळ्यातच बसतात आणि वर सहा मिलिमीटर उरतात! फोटो शेजारच्या पानावर घेण्याचा बेत त्यामुळे रद्द. मूळ फोटो मात्र चिकटवू नका. ६०० डीपीआयला स्कॅन करून प्रत लावा.

शोधसूत्रांचाही बेत बदलला. अंगठी, शालू, अंतरपाट यांना शब्दांत सूत्र न देता लग्नाच्या फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून अडीच सेंटिमीटरच्या चौकोनात द्यायचा. अबोली कृष्णधवल फोटोत ओळखू येत नाही, तिला शब्दच हवेत: ‘वास नाही, तरी गजऱ्यात मान’. सीताबर्डीला ‘नोव्हेंबर १८१७ ची लढाई इथलीच’. वऱ्हाडाला ‘लग्नाला निघतं, अमरावती-अकोल्याचा मुलूखही’.

कागद २२० जीएसएमचा, आम्लमुक्त. पातळ घेतला तर गोंदाने लाटा येतात. पाण्याचा पांढरा गोंद टाळा, दुतर्फी टेप बरी. पण स्वस्त टेप नागपूरच्या मे महिन्यात सुटते, तेव्हा फोटोच्या चारही कडांना लावा, नुसत्या कोपऱ्यांना नको. इंकजेटची साधी शाई जेल पेनाखाली पसरते, म्हणून जाळं लेझरवर छापून घ्या. सीताबर्डीवरच्या झेरॉक्सवाल्यांकडे जाड कागद चालतो का हे आधी विचारावं, सगळ्यांची मशीन तो ओढत नाहीत. वर ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, एका कडेला टेपने लावली की व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येतं. लिहिलेलं फार दिवस ठेवलं तर डाग राहतो.

पुढचं पान तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचं. ता-न्हा-पो-ळा, सीताबर्डीच्या ‘ता’वरून खाली, आणि शेवटच्या ‘ळा’वर आडवा ‘फुटाळा’, नागपूरचा तलाव. ‘मारबत’, म्हणजे पोळ्याच्या वेळी नागपुरात मिरवणुकीने निघणारा पुतळा, सीताबर्डीच्या ‘ब’वर टाकली तर तिचा ‘त’ ‘न्हा’शेजारी येऊन ‘न्हात’ तयार होतं. ती वेगळीकडून आणावी लागेल. ‘वरात’चा शेवटचा ‘त’ मोकळा आहे, आणि त्यातला ‘रा’ नागपूरच्या ‘महाराजबाग’लाही चालतो. पोळ्याच्या पानात वरात कशी शिरवायची, यावर कुणाला काही सुचलं तर सांगा.