जत्रेच्या रात्रीचा बॉक्स ऑफिस

आज गावची जत्रा. दशावतारी नाटक रात्री उशिरा उभं राहणार, तोवर खाज्याची पुडी पुढ्यात घेऊन आम्ही दोघं चुलतभाऊ २०२५ च्या सिनेमांचे नंबर लावत बसलो.

माझा पहिला 'दशावतार'. दादा म्हणाला, "गावचो म्हणान मार्क देतंस!" असेल. पण ८१ वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री बघून घशात आलेलं अजून खाली उतरत नाही. शिवाय तारीख बघा, १२ सप्टेंबर. म्हणजे गणपती आटोपून चाकरमानी मुंबईत पोचलेला आणि गावच्या आठवणीनं हळवा झालेला. त्याचा पहिला 'छावा', कारण संगमेश्वर आपल्याच कोकणातलं (म्हणजे मार्क त्यानंही गावचेच दिले). 'कांतारा: चॅप्टर १' दोघांचा तिसरा. 'सैयारा'वर भांडण झालं, ते सोडा.

२०२५ चा नाताळ गुरुवारी, म्हणजे शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस सलग. माझा अंदाज, आपल्याकडे 'धुरंधर' नव्या 'अवतार'ला मागे टाकणार. दोन्ही तीन तासांच्या वर, तेव्हा खेळांची संख्या कुणाचीच फार वाढत नाही. मग ज्याची चर्चा आधीच घराघरात पोचलीय, त्याचंच तिकीट आधी फाटणार.

दादा हसला. "नाताळात हंय पर्यटक. त्येंका मासे वाढूचे काय पिक्चर बघूचो?" त्याची खानावळ आहे, त्यामुळे गप्प बसलो.

तेवढ्यात पखवाजावर थाप पडली. दशावतारातला राक्षस, संकासूर आला.