परुळकर गेले त्या रात्रीचं पान

रविवारी आमच्या पेपरच्या डेस्कवर तशीही माणसं कमीच, त्यात आदल्या दिवशी रक्षाबंधन झालेलं, त्यामुळे १० ऑगस्ट २०२५ला शहराची दोन्ही पानं माझ्याच गळ्यात होती. आणि नेमकी बातमी आली, ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. वायुसेना मेडल, विशिष्ट सेवा मेडल, ७१चे युद्धकैदी, आणि पुण्यातच स्थायिक झालेले म्हणजे आमच्या पानाचाच माणूस. अर्ध्या तासात रिपोर्टरची कॉपी पडली, पहिलंच वाक्य, 'पाकिस्तानच्या कैदेतून निसटून भारतात परतलेले.' व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरत होतं, तिथूनच उचललेलं.

मी म्हटलं हे असं जाणार नाही. चीफ सब, म्हणजे मुख्य उपसंपादक, म्हणाले, अरे निसटले होते ना, मग काय झालं, बाहेरगावची डाक एडिशन सोडायचीय. अहो पण परतले नाहीत ना, पकडले गेले! आणि खरी स्टोरी तर तिथेच आहे.

मग मी कॉपी उघडून नव्यानेच लिहायला बसलो. १० डिसेंबर १९७१ला त्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान विमानविरोधी तोफांनी पाडलं, त्यांना रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या कॅम्पात टाकलं. या माणसाने लढाईआधीच आपल्या सीओला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला, सांगून ठेवलं होतं म्हणे, की पकडला गेलोच तर मी तिथे बसून राहणार नाही. जुलै ७२मध्ये सिमला करार झाला तरी सुटकेचा पत्ता नाही, मग भिंत पोखरायला घेतली. बाहेरचं प्लॅस्टर शेवटपर्यंत तसंच ठेवलं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला भिंत आपली अख्खी. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. १२-१३ ऑगस्टच्या रात्री वादळात परुळकर आणि सोबतचे कैदी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले, बसने पेशावर, पुढे जमरूद, आणि मग लंडी कोतल. अफगाण हद्द तिथून काही मैलांवर!

आणि तिथे त्यांनी लंडीखानाचा रस्ता विचारला. नकाशात स्टेशन होतं, पण ते १९३२लाच बंद पडलेलं. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारी तीन अनोळखी माणसं, संशय येणार नाही तर काय. आम्ही पाक हवाई दलाचेच, लाहोरहून आलोय, असं त्यांनी ठोकून दिलं, पण लोक ऐकेनात. शेवटी परुळकरांनी सरळ पाक हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे खास मदतनीस अधिकाऱ्याला, फोन लावायला लावला, कारण तो आधी त्यांच्याच कॅम्पाचा कमांडंट होता, तो ओळखणार हे पक्कं. त्या फोनमुळे जीव वाचला असं मला तरी वाटतं. सीमेवर येऊन हरल्यावर शत्रूच्याच ऑफिसरला फोन लावायला डोकं किती थंड लागत असेल!

चीफ सब वाचता वाचता गप्प झाले, मग म्हणाले, ६५च्या युद्धाचं कुठाय? बरोबर होतं त्यांचं, वायुसेना मेडल तेव्हाचंच. विमानाला गोळी लागली, उजव्या खांद्याला जखम, लीडर सांगतोय इजेक्ट कर, आणि हा माणूस तसंच विमान बेसवर घेऊन आला. ते वरती घातलं.

सगळं बसलं, ऑपरेटर पान लावून मोकळा झाला आणि सव्वाअकराला खालची जाहिरात वाढली. बारा ओळी उडवा. एनडीएत बटालियनची कमांड होती ते गेलं, १ डिसेंबर ७२ची वाघ्यावरची सुटका एका ओळीत आणली, शोकसंदेश तर सगळेच काढले. ऑपरेटर म्हणाला, सर ते स्टेशनचं काढा ना, सरळ पाच ओळी सुटतात. म्हटलं हेडिंगचा पॉइंट कमी कर, फोटो थोडा खालून काप, पण लंडीखानाला हात लावायचा नाही. पान वीस मिनिटं उशिरा सुटलं आणि प्रेसवाल्यांचा फोन मलाच घ्यावा लागला.