चहातला च

"हा च कुठला गं? चहातला की चमच्यातला?"

बाबांचा हा प्रश्न 19 सप्टेंबर 2020च्या संध्याकाळचा. करोनामुळे त्या वर्षीची टूर द फ्रान्स जुलैतून सप्टेंबरात ढकलली गेली होती. आदल्या दिवशीच अधिक महिना लागला होता, आत आई अनारसे तळत होती आणि टीव्हीवर तादेय पोगाचर नावाचा एकवीस वर्षांचा एक पोरगा सायकलवर जीव खाऊन डोंगर चढत होता. त्या दिवशी ज्याने त्याने एकट्याने घड्याळाशी लढायचं होतं, अंतर 36.2 किलोमीटर. पोरगा निघाला तेव्हा एकूण वेळेत पहिल्यापेक्षा 57 सेकंद मागे होता, पोचला तेव्हा 59 सेकंद पुढे. ज्याला त्याने मागे टाकलं तो प्रिमोज रोग्लिचही त्याच्याच देशाचा, स्लोव्हेनियाचा. पुणे शहरापेक्षा कमी वस्तीचा देश, आणि त्या संध्याकाळी जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत जणू त्यांच्या घरातली भाऊबंदकी होऊन बसली होती.

बाबांना यातल्या कशाचंच अप्रूप नव्हतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. समालोचक मंडळी पोगाकार, पोगासर, पोगाचार असं तोंडाला येईल ते म्हणत होती, आणि बाबा बेचैन होते. माणूस जिंकायला निघालाय आणि त्याचं आडनाव धड कुणाला घेता येत नाही म्हणजे काय?

प्रश्न खास मराठी होता. आपण चार म्हणतो आणि चारा म्हणतो, चहा म्हणतो आणि चमचा म्हणतो. च दोन, अक्षर एक. कुठला कधी लावायचा हे मराठी पोराला कुणी शिकवत नाही, आणि बाहेरून आलेल्याला ते जन्मभर कळत नाही. तादेय पोगाचर हे नाव देवनागरीत लिहिलं की वाचणारा हमखास घसरतो, कारण शेवटी 'चर' दिसतो आणि डोळ्यांपुढे खणलेला चर येतो.

स्लोव्हेन लोकांनी हा घोळ लिपीतच मिटवलाय. रोमन सी नुसता असला की तो आपला चमच्यातला. त्याच्या डोक्यावर एक छोटी खूण चढली की चहातला. त्या खुणेला ते 'स्त्रेशित्सा' म्हणतात, म्हणजे छोटंसं छप्पर. मी बाबांना कागदावर काढून दाखवलं.

"छप्पर उलटं आहे," बाबा म्हणाले. "पाणी साचेल."

हे छप्पर सीमा ओलांडली की आधी उडतं. शर्यतीच्या पट्टीवर नुसता सी येतो आणि तिथून पुढे पोगाकार. पण छप्पर घरीसुद्धा फार जुनं नाही. 1584मध्ये आदाम बोहोरिचने स्लोव्हेन भाषेचं व्याकरण लिहिलं. त्याच्या नावाने ओळखली जाणारी लेखनपद्धत पुढे अडीचशे वर्षं चालली, आणि तीत हाच च झेड आणि एच जोडून लिहीत. छपराची रीत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी 1830च्या दशकात कुठली अक्षरं खरी यावरून तिथल्या विद्वानांची इतकी जुंपली, की त्या भांडणाला 'मुळाक्षरांचं युद्ध' असं नावच पडलं. फ्रान्त्से प्रेशेरेन, ज्याच्या कवितेतलं एक कडवं आज त्यांचं राष्ट्रगीत आहे, त्याने या युद्धावर एक खवचट सुनीत लिहिलं. विषय काय, तर 'काशा' म्हणजे भरड धान्याची पेज, तिच्यातला श कुठल्या अक्षराने लिहायचा. एका अक्षराची पेज दुसऱ्या अक्षराच्या पेजेपेक्षा चवीला बरी लागते का, असा त्याचा सवाल. हे ऐकून बाबा इतके खूश झाले की त्यांनी शर्यतीचा निकाल बघायचा सोडला.

मग अर्थावर आलो. पोगाचा म्हणजे एक गोल, चपटी रोटी, आणि ती करणारा तो पोगाचर. धंद्यावरून पडलेलं साधं आडनाव. स्लोव्हेनमध्ये असा 'अर' लावून कितीतरी जण झालेत: गाडगी घडवणारा लोंचार, दळणारा म्लिनार, चाकं करणारा कोलार. आपल्या कुंभार-सोनारांशी हे जमतंय असं वाटतं, पण तो योगायोग. आपला 'आर' संस्कृत 'कार'मधून घासत आला, त्यांचा लॅटिनमधून. खरं नातं आहे ते 'कोलो' या शब्दाशी. चाकालाही कोलो आणि सायकललाही कोलो, आणि तो आपल्या चक्राचा लांबचा चुलतभाऊ. म्हणजे सायकलपटूला शोभणारं आडनाव कोलार. पण शर्यती जिंकतो भाकरीवाला.

"भाकरे म्हणा की," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी तो भाकरे झाला. ज्या राज्यात भाजीभाकरे हे आडनाव सुखाने नांदतं तिथे हे काही विशेष नाही.

पण शब्दाच्या मागे मागे गेल्यावर भाकरेही टिकेना. पोगाचा हा स्लोव्हेनांचा स्वतःचा शब्द नाहीच. तो इटालियन फोकाच्याच्या घरातला, आणि फोकाच्या लॅटिन 'फोकुस'मधून निघालेली. फोकुस म्हणजे चूल. कॅमेऱ्याचा फोकस तोच. चुलीतल्या गरम राखेत भाजलेली ती फोकाच्या. सर्ब लोक तिला पोगाचा म्हणतात, हंगेरीत ती पोगाचा नावाचीच छोटी खारी होते, तुर्कस्तानात पोआचा. जो तो म्हणतो आमचीच.

"राखेत?" बाबा ताठ बसले. "मग भाकरी नव्हे. भाकरी तव्यावर. राखेत भाजतात तो रोडगा."

भवानीआईला नवसाचा वाहतात तो. मी मान्य केलं. भाकऱ्यांचे रोडगे झाले.

या रोडग्यांच्या कुळात आणखीही माणसं आहेत. 1875 ते 1884 या काळात ल्युब्ल्यानाचा, म्हणजे त्यांच्या राजधानीचा, बिशप होता यानेझ झ्लातोउस्त पोगाचर. झ्लातोउस्त म्हणजे सोन्याच्या तोंडाचा. सोनमुखी रोडगे! पण मला सगळ्यात आवडतो तो अलोइस पोगाचर. आडनाव हेच, जर्मन वळणाने लिहिलेलं, त्यात टी, एस, सी, एच अशी चार अक्षरं खर्ची घालून एक च उभा केलेला. हा ऑस्ट्रियन पंडित इंग्रजीचा अभ्यासक. त्याने 1888मध्ये काय लिहावं? जुन्या इंग्रजीत लॅटिन आणि ग्रीकमधून उसने आलेले शब्द उच्चारात कसकसे बदलत गेले, यावरचा प्रबंध. स्वतःच्या दारावरच्या पाटीवर लॅटिनची चूल उसनी आणलेली असताना!

आणि तादेय पोगाचरही दोन आहेत. एक सायकलवाला. दुसरा 1960मध्ये जन्मलेला ल्युब्ल्यानाचा कलावंत. त्याने 'पॅरासाइट' नावाचं एक कलासंग्रहालय काढलंय, ज्याला स्वतःची इमारतच नाही. ते दुसऱ्या संस्थांच्या जागेत बांडगुळासारखं मुक्काम ठोकतं. या दोघांबद्दल एकत्र बोलायचं तर स्लोव्हेनमध्ये अनेकवचन चालत नाही. त्या भाषेत अजून द्विवचन जिवंत आहे, बाजारात, शाळेत, भांडणात. रामः रामौ रामाः घोकताना आम्ही वैतागायचो, ते तिथलं लहान पोर दोन सफरचंदांबद्दल बोलताना सहज वापरतं. एक तादेय पोगाचर, आणि दोघे असले की तादेया पोगाचर्या. बाबांनी हे दोनदा म्हणून पाहिलं. "दिनचर्येच्या चालीवर आहे. छान."

सायकलवाला कोमेंदाजवळच्या क्लानेत्स गावचा. क्लानेत्स म्हणजे चढ. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मी मनानेच रचतेय असं वाटून. जगातला सगळ्यात चिवट चढाईवीर चढ नावाच्या गावात वाढला, असं कुणी कथेत लिहिलं असतं तर बाबांनी लाल शाईने गोल केला असता.

27 जुलै 2025ला रोडगे चौथ्यांदा टूर जिंकायच्या बेतात होते. मी ठरवलं, आज पोगाचा करायची. बेला क्रायीना हा त्यांच्या देशाचा दक्षिणेकडचा तुकडा, कोल्पा नदीकाठचा. तिथली पोगाचा इतकी नावाजलेली की 2010मध्ये युरोपीय संघाने तिच्या कृतीला संरक्षण दिलं. पाहुणा आला की पुढे करायची. पीठ, यीस्ट, मीठ, कोमट पाणी. तीस सेंटिमीटर रुंद थापायची, चार-चार सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या, वरून फेटलेलं अंडं, शहाजिऱ्याच्या जातीचे दाणे आणि जाडं मीठ. खाताना सुरी लावायची नाही, रेघांवर हाताने मोडायची. दोन दिवसांपूर्वी श्रावण लागलेला, म्हणून अंड्याऐवजी दूध लावलं. यीस्ट बहुधा मागच्या श्रावणातलं होतं. पीठ काही फुगलं नाही.

पॅरिसमध्ये पाऊस, आमच्याकडेही पाऊस. पोगाचा ताटात ठेवली. बाबांनी रेघेवर दोन्ही अंगठे लावले आणि जोर केला. मग मी केला. मग आईने काही न बोलता खलबत्त्यातला बत्ता आणून दिला.

बाबांनी एक तुकडा उचलला, कपात बुडवला, आणि मऊ होईपर्यंत टीव्हीकडे बघत थांबले.

"चहातलाच आहे," ते म्हणाले.