उरणची लोकल आणि मामांचा वैल

रविवारी सकाळी ठाण्याहून नेरूळला गेलो, मामांना घेतलं आणि उरणची लोकल पकडली. पकडली म्हणजे काय, एक डोळ्यांदेखत सुटली आणि पुढच्या गाडीसाठी प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो, कारण टाइमटेबल बघायचं असतं हे ठाणेकराच्या डोक्यातच येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ही लाइन थेट उरणपर्यंत सुरू झाली तेव्हापासून जायचं जायचं चाललं होतं. खारकोपर सोडलं की खाडी, खारफुटी, मग कंटेनरच कंटेनर.

मामा आयुष्यभर पॉवर प्लांटच्या बॉयलरवर राबलेले, त्यामुळे पिरवाडीच्या समुद्राआधी बोकडवीऱ्याचा गॅस टर्बाइन प्लांट बाहेरून तरी बघायचाच होता. द्रोणागिरीला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "चालू आहे का बंद कळतच नाय, धूर कुठंय?" मामा नुसते हसले.

लांबून चिमण्या दिसतील अशा जागी चहा घेतला आणि मामांनी पिशवीतून एक वीतभर पाइपचा तुकडा काढला. अंगभर पातळ पत्र्याच्या चकत्या गुंडाळलेल्या, हात फिरवला की खरखर लागतं. "स्क्रॅपमधला आहे, हीच सगळी गंमत," म्हणाले.

"आजीची चूल आठवते? पुढे भाकरी, आणि बाजूच्या वैलावर कालवण. वैलाला वेगळं लाकूड घालत होती का ती?"

तर इथं पुढची भाकरी म्हणजे गॅस टर्बाइन, चार आहेत, प्रत्येकी १०८ मेगावॅटच्या. जळालेला गॅस टर्बाइन फिरवून बाहेर पडतो तेव्हाही पाचशे डिग्रीच्या वर गरम असतो, आणि नुसती टर्बाइन चालवली तर गॅसमधल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, बाकी बहुतेक सगळी त्या गरम हवेबरोबर आभाळात. ती हवा पाइपांच्या जंगलातून नेली की आतल्या पाण्याची वाफ होते. पण भट्टीसारखी ज्वाळा नाही ना, नुसती गरम हवा, म्हणून जास्तीत जास्त अंग लागतं, म्हणून त्या चकत्या. पाणी उलट्या बाजूनं येतं, म्हणजे गार पाणी आधी चिमणीजवळच्या निवत आलेल्या हवेला भेटतं आणि तयार वाफ शेवटी सगळ्यात गरम हवेला. हे ऐकून मला खरंच भारी वाटलं, कोणाला सुचलं असेल!

या वाफेवर उरणला १२० मेगावॅटचे दोन संच चालतात, १९९४ पासून. म्हणजे एकूण ६७२ पैकी २४० मेगावॅट वैलावरचे, गॅसचा एक फुगा जास्त न जाळता.

"मग टर्बाइनमागं दोन-दोन चिमण्या कशाला लागतात?" मी विचारलं.

"अरे, टर्बाइन झटपट चालू होते, पण तो पाइपांचा बॉयलर असा तापवत नाहीत, जाड लोखंड आहे, घाईनं तापवलं तर तडे जातील. तोवर टर्बाइन आणि बॉयलरच्या मध्ये झडप असते, ती फिरवून हवा अलीकडच्या चिमणीतून थेट वर सोडायची."

अर्थात गॅसच कमी आला तर चूलही अर्धी आणि वैलही अर्धा, हे पण त्यांनीच सांगितलं, जरा तोंड वाकडं करून.

परतताना नेमका तोच रिक्षावाला. मी उत्साहात त्याला सगळं ऐकवलं, नॅचरल गॅसला धूर दिसत नाही, चिमणीच्या तोंडाशी हवा थरथरते का ते बघ वगैरे. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं सगळं हाय, मग आमच्याकडं लाइट का जाते?"

मामांनी पाइप पिशवीत ठेवला.