उभ्या गाडीचे टायर

मे महिन्यातली दुपार होती. पार्किंगमध्ये उकाड्याने जीव नको झालेला, आणि मी गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून टायरची जन्मतारीख वाचत होतो. चष्मा वर घरात राहिलेला. मोबाइलचा टॉर्च लावला, अंगठ्याने धूळ पुसली, तेव्हा लांबट चौकटीतले चार आकडे दिसले. २३१८. म्हणजे २०१८ सालातला तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात.

"साहेब, काही पडलं का?" वॉचमनने लांबूनच विचारलं.

"नाही रे, वय बघतोय."

त्याने पुढे काही विचारलं नाही. या इमारतीत मला सगळे ओळखतात.

ही माझी जुनी खोड. काहींना वाटेतल्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही, तसं मला उभी गाडी दिसली की टायरवरचे ते चार आकडे वाचल्याशिवाय राहवत नाही. लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्याच्या आवारात, एकदा तर चक्क शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीबाहेर. त्यामुळे मला आमच्या पार्किंगचं असं बरंच काही माहीत आहे जे मालकांनाही माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीला चार टायर आहेत, चार कंपन्यांचे आणि चार वेगवेगळ्या वर्षांचे. आणि हे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटतील त्याला 'वर्षातून एकदा चेकअप करून घ्या' असं सांगत असतात.

स्वतःच्या गाडीचे आकडे मात्र मी वर्षभरात वाचले नव्हते. वाचले आणि लक्षात आलं, आठवं वर्ष लागलंय. मग नीट बघितलं. नक्षी शाबूत. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते, माझी अजून सहाच्या आसपास. कायदा म्हणतो १.६ मिलिमीटरपर्यंत चालवा. त्या हिशेबाने हे टायर अगदी भर तारुण्यात होते. पण रबरावर, टाचेला पडतात तशा, बारीक भेगा पडल्या होत्या. आणि पुढच्या डाव्या टायरच्या कुशीला सुपारीएवढा फुगा आला होता. गेल्या पावसाळ्यानंतरचा वरळीतला एक खड्डा आठवला. त्या वेळी 'काही झालं नाही' म्हणून मीच मला समजावलं होतं.

गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची झेड-४. ऐकायला भारी वाटतं, पण मी तिचा तिसरा मालक, आणि माझ्या हाती येईपर्यंत तिची किंमत एखाद्या नव्याकोऱ्या बऱ्यापैकी गाडीइतकी उतरली होती. दोन माणसं आणि एक पिशवी मावते. बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं, आणि मग डिकीत पिशवीही मावत नाही. मुलगा शिकायला बाहेर गेला त्या वर्षी मी ती घेतली. लोकांनी काय निष्कर्ष काढायचा तो काढला. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं, कोस्टल रोडने मरीन ड्राइव्ह, तिथे दहा मिनिटं कठड्यावर बसायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. महिन्यातून एकदा अटल सेतूवरून पनवेलकडे. जून ते सप्टेंबर ती कव्हराखाली. वर्षाला दीड हजार किलोमीटर झाले तरी डोक्यावरून पाणी.

टायर झिजणार कुठून? ते नुसते म्हातारे होतात.

आता नवे घ्यायचे म्हटल्यावर मी त्या अभ्यासात असा काही बुडालो की बायकोने दोन दिवस जेवताना फक्त भाजीविषयीच बोलायचं असा नियम केला. पुढचा टायर २२५/४० आर १८, मागचा २५५/३५ आर १८; पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. पुढचे आणि मागचे वेगळ्या मापाचे, म्हणजे अदलाबदल करायची सोय नाही. पुढचे टायर मागे, मागचे पुढे आणि स्टेपनीलाही एक पाळी, हा आमच्या काकांचा दर वर्षीचा कुळाचार होता. इथे तो खुंटला. स्टेपनी तर नाहीच. काकांच्या फियाटच्या, ५.२०-१४ असं सरळ नाव असलेल्या टायरला हात लावला तर हाताला रबर लागायचं. माझ्या टायरची कूस जेमतेम नऊ सेंटिमीटर, चार बोटं आणि वर जरासं. बाकी सगळी रिमच.

मापाच्या पुढे 'डब्ल्यू' असतो. त्याचा अर्थ हा टायर ताशी २७० किलोमीटर वेग सोसतो. कोस्टल रोडवर मर्यादा ८०ची, अटल सेतूवर १००ची, आणि अगदी समृद्धीवर गेलो तरी १२०. म्हणजे टायरची निम्मी लायकी कायमची बिनकामाची राहणार. पण कमी वेगाचा घेऊ का, असं दुकानात विचारायची सोय नाही. दुकानदार आपल्याकडे, आईस्क्रीम कोमट करून मागितल्यासारखा बघतो.

खरा घोळ रन-फ्लॅटचा. या गाडीला कंपनीतून तेच येतात. कूस इतकी ताठ की हवा गेली तरी गाडी तिच्यावर तोलून राहते, ताशी ८०च्या वेगाने ८० किलोमीटर. वाशीला हवा गेली तर लोणावळ्याला पोचून चिक्की घ्यायची आणि मग पंक्चरचं बघायचं. पण तोच ताठपणा रोज अंगावर येतो. माहीमच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे मी डोळे मिटून, मणक्याने सांगू शकतो. साधे टायर घेतले तर बसायला मऊ, पण मग डिकीत छोटा कंप्रेसर आणि सीलंटची बाटली बाळगायची. म्हणजे ती पिशवीही गेली.

ऑफिसातल्या एका मित्राला या गोष्टी कळतात. तो म्हणाला, "मऊ रबराचे घे, ट्रेडवेअर २००चे." हा आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, पकड जास्त आणि झीज लवकर. "तुझे झिजतच नाहीत, मग घाबरतोस कशाला?" मुद्दा बिनतोड होता. पण अशा टायरना खाचा कमी, आणि टायर रुंद. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एखादी सर चुकून गाठलीच तर पाणी बाहेर जायला वाट नाही, गाडी होडीसारखी तरंगणार. मी म्हटलं, बघतो. हे 'बघतो' तीन आठवडे चाललं.

बायकोने एकदाच विचारलं. "हे नवे किती वर्षं जातील?"

"सहा. फार तर सात."

"आणि तुझं वय किती?"

"छप्पन्न."

ती जरा वेळ बोटं मोजत होती. "म्हणजे हे आणि आणखी एक जोड. फार विचार करू नकोस."

मी भाजीविषयी बोलायला लागलो.

त्या फुग्यावरून मात्र माझं मन हटेना. टायरला फुगा येतो म्हणजे आतले धागे तुटलेले असतात, हवा फक्त वरच्या रबराने अडवलेली असते. हे मला आता माहीत आहे. लहानपणी फुगा आणि टायर यांचं नातं वेगळं होतं, ते वडखळ नाक्यावर जुळलं. काकांची ती फियाट, म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, आत आम्ही सात जण, टपावर कॅरिअरला बांधलेली ट्रंक, गावची वाट. पेणच्या पुढे पहिला पंक्चर झाला, काकांनी स्टेपनी चढवली. वडखळला स्टेपनीही बसली. भर दुपार. झाडाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर', आणि बाकड्यावर तोंडावर रुमाल टाकून झोपलेला मालक. मल्याळी होता, सगळे त्याला अण्णा म्हणत होते. उठला, एक शब्द न बोलता टॉमी घालून टायर रिमवरून उचकटला, आतून ट्यूब ओढून काढली आणि हवा भरली. ती काळी गुबगुबीत ट्यूब त्याने पाण्याने भरलेल्या कापलेल्या पिंपात बुडवली. पाणी इतकं काळं की तळ दिसत नव्हता.

काका मला म्हणाले, "वाक, बघ कुठून श्वास सोडतेय."

अण्णा ट्यूब हळूहळू फिरवत होता. मी नाक पाण्याला लागेल इतका वाकलो होतो. काही नाही, काही नाही, आणि मग एकाएकी मोत्यांची सर वर आली. "थांब!" मी ओरडलो. अण्णाने भोकात आगपेटीची काडी खोचली, ट्यूब पुसली, कानसेने घासली, सोल्यूशन लावलं आणि ते वाळेपर्यंत विडी ओढली. मग ठिगळ. तेव्हापासून कित्येक वर्षं माझी अशी समजूत होती की पंक्चर मी शोधला. काकांनीही ती कधी मोडली नाही. घरी पोचल्यावर आजीला पहिलं वाक्य हेच सांगितलं, "याने भोक शोधलं म्हणून आलो."

आता ट्यूबच नाही. टायर प्रेशर कमी झालं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दिव्याकडे वाकून काय बघणार?

टायरवाले मुळात टायरवाले नव्हतेच, हे एक जाता जाता. एमआरएफ १९४६ साली मद्रासमध्ये सुरू झाली ती खेळण्यातले फुगे करायला. आणि मग सचिनच्या बॅटवर येऊन बसली. त्यामुळे शिवाजी पार्कवर आमच्यानंतरच्या पोरांची एक अख्खी पिढी टायरची जाहिरात बॅटवर पेनने रंगवत वाढली. भांडुपला कारखाना असलेल्या सिएटच्या नावातला 'सी' विजेच्या केबलींचा, कंपनी मूळ इटलीतल्या तुरीनची. ब्रिजस्टोनचे संस्थापक इशीबाशी, आडनावाचा अर्थ दगडी पूल, तोच उलटा करून नाव ठेवलं. त्यांचा आधीचा धंदा जपानी मोज्यांचा. आणि डनलॉप गुरांचा डॉक्टर, त्याने पोराच्या तीनचाकीला हवेचे टायर करून दिले ते १८८०च्या दशकात. एक फुगेवाला, एक केबलवाला, एक मोजेवाला, एक ढोरवैद्य. यांच्या भरवशावर मी घाट उतरतो.

शेवटी साधे घेतले, रन-फ्लॅट नाही. पकड मधली, खाचा भरपूर. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. दुकानातल्या तरुणाने शेवटपर्यंत "सर, या गाडीला रन-फ्लॅटच लागतात" असं लावून धरलं होतं, बहुधा त्याचाच राग आला असेल. बसवण्याआधी मी चारही टायरवरचे आकडे वाचले. चौथा बाकीच्या तिघांपेक्षा पाच आठवड्यांनी मोठा निघाला. मी बदलून मागितला. तो हसला, पण आतून दुसरा आणला.

जुन्या टायरचे त्याने बिलातून थोडे पैसे वजा केले. कुठे जातात हे, असं मी विचारलं नाही, कारण दिसतंच. पावसाच्या तोंडावर सायन-कुर्ल्याच्या मध्ये लोकलच्या दारातून बघा, निळ्या ताडपत्र्या उडू नयेत म्हणून छपरांवर टायरच टायर पडलेले असतात. त्यात पाणी साचतं, डास होतात, म्हणून पालिकेचे लोक येऊन ते उचलून नेतात, आणि आठवड्याने नवे जुने टायर परत येतात. त्या छपरांवर माझा २५५चा, ताशी २७०वाला टायर कुणाला मिळाला तर बरं. रुंद आहे, नीट बसेल.

निघताना म्हातारा फिटर हात पुसत खिडकीशी आला. चाकांचे बोल्ट त्याने हातानेच शेवटचे आवळले होते. म्हणाला, "साब, गाडी खडी मत रखना. रबर में मोम जैसा कुछ रहता है, चक्का घूमेगा तो ऊपर आएगा, नहीं तो सूख के फटेगा. और एक ही जगह वजन पडेगा तो टायर बैठ जाएगा. पंधरा दिन में एक बार हिलाओ. थोडा आगे, थोडा पीछे. बस."

मला हे माहीत होतं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं नाही आणि गाडी चालवणं सुटलं, तरी पद्मिनी विकली नव्हती. दर रविवारी अंघोळ झाली की गंजीवर शर्ट चढवून ते दादरच्या त्या इमारतीच्या आवारात उतरायचे. मी स्टिअरिंगवर, ते मागून हात लावून. एक हात पुढे. पुढच्या रविवारी एक हात मागे. "टायर बसतात रे," म्हणायचे, "एका कुशीवर किती दिवस ठेवायची?" मग फडक्याने बॉनेट पुसून वर.

२००४ साली त्यांची डावी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. हवेची गादी आणली. तिचा पंप रात्रभर गुरगुरत असायचा, आणि एक कप्पा फुगला की शेजारचा बसायचा. काकू, चुलतभाऊ आणि मी, आम्ही पाळ्या लावून घेतल्या होत्या. रात्री दोनची बहुतेक माझी असायची. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. बोलता येत नव्हतं त्यांना. खिडकीतून खाली गाडी दिसायची. ती त्या वर्षात कोणी हलवली नाही.