पुढचा डिस्क ब्रेक कमी लागतोय? पॅड बदलण्याआधी लिव्हर दाबून बघा

मोटरसायकलचा पुढचा ब्रेक लागत नाही म्हटलं की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला हात डिस्कला घासणाऱ्या पॅडवर जातो. नवे पॅड पडतात, दोन दिवस बरं वाटतं आणि मग तक्रार परत तीच. दोष कुठे आहे हे बऱ्याचदा लिव्हरच सांगतो, म्हणून गाडी स्टँडवर लावून आधी तो जोरात दाबा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. लिव्हर कडक लागतो की स्पंजसारखा, की हळूहळू मुठीकडे सरकत जातो? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे प्रेशर बनतंय. दोष खाली पॅड, डिस्क किंवा पॅड धरणाऱ्या कॅलिपरमध्ये आहे. आपल्याकडे याचं एक हमखास कारण म्हणजे वॉशिंग सेंटर. गाडी धुतल्यावर चमक यावी आणि गंज धरू नये म्हणून डिझेलचा फवारा मारतात, तो डिस्कवर उडतो. पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गळत असेल तर तेही पाइपवरून ओघळत कॅलिपरवर येतं. अशा वेळी सील आधी बदला, नाहीतर नवे पॅडही वाया जातील. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण तेल प्यायलेले पॅड टाकूनच द्या. काही जण ते पेट्रोलने धुतात किंवा पेटवून भाजतात. वरून कोरडे दिसतात, ब्रेक गरम झाला की आतलं तेल परत वर येतं.

तेल लागलेलं नाही, पण पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय, तर तो ग्लेझ झालाय. सपाट फरशीवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पॅड हलक्या हाताने घासा. धूळ नाकात जाऊ देऊ नका. मटेरियल 1 मिमीच्या आसपास उरलं असेल तर घासत बसू नका, बदला.

काढलेले जुने पॅड फेकण्याआधी शेजारी शेजारी ठेवून बघा. पॅड दाबणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा पॅड जास्त झिजलाय आणि पलीकडचा जाड आहे, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये. 150 ते 220 सीसीच्या बहुतेक गाड्यांना फ्लोटिंग कॅलिपर असतो: पिस्टन एकाच बाजूला, आणि पलीकडचा पॅड डिस्कला टेकायचा तर अख्खा कॅलिपर सरकावा लागतो. पावसाळ्यात रबरी बूट फाटून पिनेवर चिखल-पाणी गेलं की पिन जाम. ती काढून पुसा, गंजाचे खड्डे नसतील तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा आणि बूट नवे टाका. चेसिसचं साधं ग्रीस इथे चालत नाही, रबर फुगतं.

कॅलिपरला त्याच बाजूला दोन पिस्टन असतील आणि एकच पॅड तिरपा झिजला असेल तर त्यातला एक अडकलाय असं समजा. पॅड काढून लिव्हर हळू दाबा, पिस्टन 4-5 मिमी बाहेर येऊ द्या, त्यापुढे नको. बाहेर आलेला भाग जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा, कोरडा करा, ताज्या ब्रेक ऑइलचं बोट फिरवा आणि पिस्टन आत ढकला. मळ तसाच ठेवून आत दाबला तर सील कापलं जातं. क्रोमवर खड्डे दिसले तर पिस्टन आणि सील किट दोन्ही बदलावेच लागतात.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजताना व्हर्नियरचा जबडा कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि माप जास्त दाखवतो, त्यामुळे मायक्रोमीटर बरा.

आता स्पंजसारखा लिव्हर. दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये एअर, म्हणजे हवा आहे. घाट उतरताना मऊ पडतो आणि थंड झाल्यावर आपोआप बरा होतो, तर ऑइलने पाणी शोषलंय. डॉट 4 ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, साधारण पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर मुठीला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. कोकणच्या दमट हवेत मी तर दीड वर्षापुढे थांबू नका म्हणेन. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड वापरा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही.

एअर काढताना हँडल असं फिरवा की टाकी आडवी राहील. टाकीला ओलं फडकं गुंडाळा, कारण ऑइल रंग खातं. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला, म्हणजे एअर बाहेर काढायच्या स्क्रूला, 8 नंबरचा रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. लिव्हर तीन-चारदा पंप करून दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर मुठीपर्यंत आला की आधी निपल बंद आणि मगच लिव्हर सोडा. टाकीतलं ऑइल खालच्या खुणेखाली गेलं तर परत एअर घुसते आणि सगळं पहिल्यापासून. शंभर-दीडशे मिली पुरतं. शेवटचा हट्टी बुडबुडा बहुधा लिव्हरजवळच्या मास्टर सिलेंडरला पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टपाशी अडतो. लिव्हर मुठीला रबराने बांधून रात्रभर ठेवला की तो बऱ्याचदा वर निघून जातो. बँजो उघडलात तर तांब्याचे वॉशर नवेच घ्या. एबीएस असेल तरी साधं ऑइल बदलणं असंच होतं, पण एबीएसचं प्रेशर सांभाळणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये एअर गेली तर स्कॅनरवाल्याकडेच जावं लागतं.

एअर नाही, ऑइल नवं, तरी मऊ? लिव्हर दाबत दुसऱ्या हाताने ब्रेकचा रबरी होस पाइप धरा. फुगताना जाणवला किंवा भेगा दिसल्या तर बदला.

तिसरा प्रकार, दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जातो. बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर सिलेंडरचा रबरी कप गेलाय. किट मिळतं, पण बोअरला आतून ओरखडे असतील तर किट टिकत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या.

ब्रेक चालताना आपोआप घट्ट होत जातो, चाक तापतं आणि मग ब्रेक ढिला पडतो, तेव्हा टाकीच्या तळातलं बारीक भोक तपासा. तापून फुगलेलं ऑइल तिथूनच परत येतं. मळाने ते बुजतं, किंवा बाहेरून बसवलेला फॅन्सी लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि मास्टर सिलेंडरचा पिस्टन ते झाकून ठेवतो. असा लिव्हर काढून मूळचा लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

नवे पॅड टाकल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम जोराने वीसेक वेळा आणा, मध्ये थोडं थंड होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नका.