मार्कशीटवर गुण असतात, तास नसतात

अमेरिकेत मेडिकल सोशल वर्करचं लायसन्स काढलं म्हटल्यावर लोक परीक्षेबद्दल विचारतात. अवघड होती का, कुठली पुस्तकं वाचली, क्लास लावला का. परीक्षेचं काही नाही हो, अभ्यास केला की होते. माझा जीव खाल्ला तो इथे इंदूरमधल्या माझ्याच कॉलेजच्या ऑफिसने. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

माझं एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स, मेडिकल अँड सायकियाट्रिकमधलं. त्यानंतर इंदूरच्याच एका खासगी हॉस्पिटलात नोकरी, हुद्दा ‘पेशंट कोऑर्डिनेटर’. आयुष्मानची मंजुरी अडकली की पाठपुरावा करायचा, बडवानीहून डायलिसिसला येणं ज्याला परवडत नाही त्याची सोय त्याच्या जिल्हा रुग्णालयात होते का ते बघायचं, डिस्चार्ज मिळालेल्या आजींना घरी औषध कोण देणार हे सुनेशी बोलून ठरवायचं. तिकडे मेडिकल केस मॅनेजर करतात ते साधारण हेच. आपल्याकडे त्यासाठी मला कुणी कधी लायसन्स विचारलं नाही. २०२१ साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत मेडिकल सोशल वर्कर आहे. आमच्या एचआरला ही बातमी मीच दिली.

लग्न ठरलं ते ह्यूस्टनच्या मुलाशी, आणि टेक्सासमध्ये लायसन्सशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. बॅचलर्सवाल्यांना एलबीएसडब्ल्यू, मास्टर्सवाल्यांना एलएमएसडब्ल्यू. स्वतंत्रपणे क्लिनिकल प्रॅक्टिस करायची तर एलसीएसडब्ल्यू, त्याला देखरेखीखाली ३,००० तासांचं काम लागतं. हॉस्पिटलातल्या केस मॅनेजमेंटच्या ज्या जाहिराती मी बघत होते, त्यांना एलएमएसडब्ल्यू पुरत होतं. मेडिकेअर म्हणजे तिथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. तिच्या नियमांप्रमाणे डिस्चार्ज प्लॅनिंगचं मूल्यांकन नर्स, सोशल वर्कर किंवा तशाच पात्र माणसाने किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावं लागतं, त्यामुळे तिथे सोशल वर्करला मागणी आहे.

पण पदवी भारतातली असली तर आधी काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, म्हणजे सीएसडब्ल्यूईकडून ती तिथल्या पदवीच्या तोडीची आहे असं ठरवून घ्यावं लागतं. पदव्यांचं नेहमीचं मूल्यांकन करणाऱ्या कंपन्या वेगळ्या, हे वेगळं. गल्लत करू नका. सीएसडब्ल्यूईच्या मानकांप्रमाणे मास्टर्सला किमान ९०० तास फिल्डवर्क हवं. आणि आमच्या मार्कशीटवर फिल्डवर्कपुढे फक्त गुण.

मला वाटलं, कॉलेजकडून एक पत्र घ्यायचं, झालं. खिडकीतले बाबू म्हणाले, “मैडम, घंटे कहाँ से लिख दें? रिकॉर्ड में तो नंबर हैं.” मी म्हटलं, हजेरीचं रजिस्टर असेल ना. तर रजिस्टर फिल्डवर्क विभागाकडे. विभागात गेले, तर जुनी रजिस्टरं स्टोअरमध्ये आणि स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. प्रिन्सिपलना भेटले. ते अगदी गोड बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, बाबूजी नोटशीट चलाएँगे तो मैं तुरंत साइन कर दूँगा. बाबूजींचं म्हणणं, साहबने लिहून दिलं तर नोटशीट (मंजुरीसाठी वर पाठवायचा कागद) चालवू. या दोघांच्या टेबलांत एका जिन्याचं अंतर होतं, आणि तो जिना फक्त मीच चढत-उतरत होते.

एकदा कसंबसं पत्र निघालं. त्यात लिहिलं होतं की सदर छात्राने क्षेत्रीय कार्य ‘संतोषजनक रूप से’ पूर्ण केलं आहे. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. तास नाहीत. मी पत्र परत सरकवलं तर बाबू म्हणाले, “संतोषजनक लिख तो दिया, अब और क्या चाहिए?” आता त्यांना अमेरिकेची काउन्सिल काय समजावणार! मागे स्कॉलरशिपच्या फॉर्मवाल्या मुलांची रांग लागलेली, आणि लंचला पाच मिनिटं उरली की खिडकी आपोआप बंद होते, हे इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. आईचं आपलं एकच, “अगं, गोड बोलून घे.” माझं गोड बोलणं केव्हाच संपलं होतं.

शेवटी सुदामानगरला आमच्या फिल्डवर्कच्या मॅडमकडे गेले. रिटायर झाल्यात, पण डोकं तल्लख. मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्याला आकडा लिहायला कशाला सांगतेस? आकडा त्याने लिहिला की जबाबदारी त्याची झाली, तो मेला तरी लिहिणार नाही. ऑर्डिनन्स लिहायला सांग.”

आमच्या कोर्सच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या छापील नियमांत, आठवड्याला किती दिवस फिल्डवर्क, दिवसाला किती तास, किती हजेरी बंधनकारक हे छापलेलं होतं. दोन वर्षं ते माझ्या समोर होतं, पण कोण वाचतं ऑर्डिनन्स? त्या पानाची झेरॉक्स काढली. पोटमाळ्यावरून फिल्डवर्कची जर्नलं उतरवली. एमवाय या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या प्लेसमेंटच्या जर्नलमध्ये रोजच्या नोंदीखाली येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि तिथल्या सुपरवायझरची लाल शाईतली सही होती. त्यावरून मीच तक्ता केला: सेमिस्टर, संस्था, आठवडे, तास. ग्रामीण शिबिर आणि शेवटचं ब्लॉक प्लेसमेंट (सलग पूर्णवेळ फिल्डवर्क) वेगळं दाखवलं. बेरीज ९०० च्या बरीच पुढे गेली. पत्राचा मसुदाही मीच टाइप करून नेला, आणि त्यात शब्द असे ठेवले की ‘अध्यादेशानुसार इतके तास बंधनकारक असून विद्यार्थिनीने ते पूर्ण केल्याचे संलग्न अभिलेखांवरून दिसते’. बाबूंनी तो दोनदा वाचला, झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली आणि नोटशीट चालवली. साहेबांची सही संध्याकाळपर्यंत झाली. जिच्यासाठी मी ते उंबरे झिजवले ती सही एका संध्याकाळीत, याचा आनंद मानायचा की कपाळावर हात मारायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या मसुद्याची एक प्रत बाबूंनी ठेवून घेतली, आणि आता तोच तिथला फॉर्मॅट आहे असं एका ज्युनिअरने सांगितलं. खरं सांगते, छान वाटलं.

तेव्हा जर्नलं रद्दीत घालू नका. शिकत असाल तर सुपरवायझरकडून वेळेसकट सही घ्या, नुसत्या तारखेवर भागवू नका. ऑर्डिनन्स तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा हवा, नंतरचा सुधारलेला नाही.

सीएसडब्ल्यूईचा निकाल आल्यावर पुढचं सुरळीत झालं. टेक्सासची ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे तिथल्या कायद्यांची, परीक्षा, बोटांचे ठसे, मग एएसडब्ल्यूबी या सोशल वर्क बोर्डांच्या संघटनेची मास्टर्सची परीक्षा. मी दिली तेव्हा चार तासांत १७० प्रश्न होते, त्यातले १५० मोजायचे. पहिल्यांदा काय कराल, नंतर काय कराल, असे प्रश्न खूप. आपल्या सवयीने पेशंटच्या घरच्यांना विश्वासात घ्यायला धावू नका. आधी पेशंटची संमती.

सीसीएम हे लायसन्स नाही, केस मॅनेजरचं सर्टिफिकेट आहे. ते नंतर, हवं तर. आणि जायचं राज्य नक्की ठरवूनच सुरुवात करा, कारण लायसन्स राज्याचं असतं. इलिनॉयमध्ये एलएसडब्ल्यू या तिथल्या लायसन्सला २०२२ पासून ही परीक्षाच नाही. माझी मैत्रीण शिकागोला आहे, तिने हे ऐकवून मला पुरेसं जळवलं आहे.

हो, नावाचं राहिलं. इकडच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं, आणि आपल्या मराठी माणसांच्या पासपोर्टवर ते मधलं नाव होऊन बसतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आडनाव बदलायचं असेल तर लायसन्स हातात आल्यावर बदला. मी सासूबाईंना तसं सांगितलं, त्यांची काही हरकत नव्हती.